शिमोनाचें नवें नांव

जून महिन्यांत नवीन हजेरीपट तयार करावयाचा म्हटलें म्हणजे वर्गशिक्षकापुढें एक लहानशी अडचण नेहमींच उभी राहते. एकाच वर्गांत तीन दत्तात्रेय आणि चार वसंत निघतात. हांक एकाला मारावी तर सगळेच उठून उभे राहतात. मग मुलेंच त्यावर तोड काढितात. कोणी लंबू होतो, कोणी बारक्या होतो, कोणाच्या नांवाला त्याचें गांव चिकटतें, आणि मास्तरांनीं कितीही मनाई केली तरी तेंच नांव शाळा सुटेपर्यंत त्या मुलाला सोडीत नाहीं.

सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं यहूदी लोकांत शिमोन या नांवाची अशीच दाटी झाली होती. त्या काळच्या थडग्यांवर व अस्थि ठेवण्याच्या दगडी पेट्यांवर पुरुषांचीं जीं नांवें कोरलेलीं सांपडलीं आहेत, त्यांत शिमोन हें सर्वांत अधिक वेळां येतें. नव्या करारांतच पाहा. बारा शिष्यांत शिमोन दोन. प्रभु येशूच्या भावांत एक शिमोन. यहूदा इस्कर्योताचा बाप शिमोन. एक कुष्ठरोगी शिमोन, एक परूशी शिमोन. प्रभूचा वधस्तंभ वाहणारा कुरेनेकर शिमोन. शोमरोनांतील जादूगार शिमोन. आणि यापो येथें कातडीं कमावणारा शिमोन. एवढ्या गर्दींतून एकाला वेगळें काढून प्रभूनें त्याला नवीन नांव दिलें, आणि आज जगांतील कोट्यवधि लोक त्याच नांवानें त्याला ओळखतात. आपण त्याला पेत्र म्हणतों. त्या नांवाची आणि तें धारण करणाऱ्या मनुष्याची गांठ कशी पडली, कितीदां सुटली आणि अखेरीस कशी बसली, हें आपल्या वार्षिक अंकांत एकदां सांगावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

शिमोन हा गालील प्रांतांतील कोळी. बापाचें नांव योना. योहानकृत शुभवर्तमानांत तें योहान असें दिलें आहे. मूळ गांव बेथसैदा, परंतु पुढें त्याचें घर कफर्णहूम येथें होतें, आणि त्या घरीं त्याची सासू व भाऊ अंद्रिया यांचाही उल्लेख येतो. जब्दीचे मुलगे याकोब व योहान हे त्याचे धंद्यांतील भागीदार. गालील समुद्र म्हणतात तो वस्तुतः गोड्या पाण्याचा एक मोठा तलाव आहे. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर, रुंदी जास्तींत जास्त १३ किलोमीटर, आणि त्याचें पाणी भूमध्य समुद्राच्या सपाटीपेक्षां सुमारें २१० मीटर खालीं आहे. भोंवतालच्या डोंगरांच्या खिंडींतून वारा एकाएकीं खालीं उतरतो आणि घटकाभरांत शांत पाण्याचा खवळलेला दर्या होतो. १९८६ सालीं अवर्षणामुळें या तलावाचें पाणी मागें हटलें, तेव्हां कांठच्या चिखलांत त्या प्राचीन काळची एक होडी सांपडली. लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक, रुंदी सव्वा दोन मीटरांच्या आसपास. ती शिमोनाचीच होती असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. पण ती नाना प्रकारच्या लांकडांचे तुकडे जोडून पुनःपुन्हां दुरुस्त केलेली आहे, आणि त्यावरून त्या कोळ्यांच्या संसाराची कल्पना येते. कफर्णहूम येथेंही १९६८ सालापासून झालेल्या खणकामांत काळ्या दगडांचें एक साधें घर उघडकीस आलें. त्याच्या गिलाव्यावर यात्रेकरूंनीं अक्षरें कोरून ठेविलीं आहेत आणि त्याच्यावर पांचव्या शतकांत अष्टकोनी मंदिर बांधलेलें होतें. तें शिमोनाचें घर असावें असें पुष्कळ संशोधक मानतात.

शिमोनाची व प्रभूची पहिली भेट अंद्रियानें घडवून आणिली. अंद्रिया हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य होता. गुरूचे शब्द ऐकून त्यानें येशूची गांठ घेतली, एक दिवस त्याच्या सहवासांत काढिला, आणि मग आपल्या भावाला शोधून काढून तेथें नेलें. येशूनें शिमोनाकडे निरखून पाहिलें, तो कोण व कोणाचा हें सांगितलें, आणि यापुढें त्याला केफा म्हणतील असें म्हटलें. तोंवर शिमोनानें तोंड उघडल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. बोलण्यांत जो कधीं कोणाला हार गेला नाहीं तो त्या दिवशीं मुकाट्यानें उभा होता, आणि नांव मिळून गेलें. हा योहानाचा वृत्तांत झाला. मार्क हें नांव बारा शिष्यांच्या निवडणुकीच्या वेळीं सांगतो, आणि मत्तयाच्या वृत्तांतांत त्याचा अर्थ पुढें फिलिप्पाच्या कैसरीयाजवळ उलगडतो. प्रसंग कोणताही धरा. नांव आधीं आलें आणि त्याला साजेसा मनुष्य फार मागून आला.

केफा हा अरामी शब्द. येशू व त्याचे शिष्य घरींदारीं जी भाषा बोलत ती अरामी, आणि तींत केफा म्हणजे खडक किंवा धोंडा. त्याचें ग्रीक भाषांतर पेत्र. तत्पूर्वीं ग्रीक लोकांत हें मनुष्याचें नांव म्हणून जवळजवळ आढळत नाहीं, तेव्हां ऐकणारास तें चमत्कारिकच वाटलें असलें पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र तें तितकें चमत्कारिक वाटूं नये. ज्या घरीं मुलें जगत नसत त्या घरीं पुढच्या मुलाचें नांव धोंडू किंवा दगडू ठेवण्याची चाल आपल्याकडे होती. हें पोर म्हणजे केवळ रस्त्यांतला दगड आहे असें समजून मृत्यूनें त्याजकडे दुर्लक्ष करावें, एवढाच त्या माउलीचा हेतु. नांव लहान करून जीव वांचवावयाचा. केफा या नांवांतही दगड तोच आहे, पण हेतु नेमका उलट आहे. येथें एका लहान मनुष्याला त्याच्या अंगापेक्षां पुष्कळ मोठें नांव देण्यांत आलें. थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याला घालावा आणि तो ढोपराखालीं लोंबावा तसें.

कारण ज्याला खडक म्हटलें तो स्वभावानें पाण्यासारखा होता. ज्या भांड्यांत घालावा त्याचा आकार घेई, आणि वारा सुटला कीं उसळे. एका रात्रीं प्रभूला पाण्यावरून चालत येतांना पाहून यानेंही होडींतून पाय बाहेर टाकिला. चार पावलें गेला, वाऱ्याकडे पाहिलें आणि बुडूं लागला. अखेरच्या भोजनाच्या वेळीं प्रभु शिष्यांचे पाय धुऊं लागला, तेव्हां आपले पाय कदापि धुऊं देणार नाहीं असें यानें निक्षून सांगितलें. आणि तसें केल्यावांचून प्रभूशीं कांहीं वांटा राहणार नाहीं असें ऐकतांच हातही धुवावे, डोकेंही धुवावें, म्हणून विनवूं लागला. एका घटकेंत दोन्ही टोकें. अशा मुलाला वर्गाचा नायक नेमावयाचें झालें तर आम्ही शिक्षक दहादां विचार करूं. तरी पण असा मुलगा वर्गांत असला म्हणजे वर्ग जिवंत असतो, हेंही खरें.

कांहीं वर्षांपूर्वीं बायबलच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें कीं प्रभूनें शिमोनाला एवढें मोठें नांव दिलें, तर मग प्रभु स्वतः त्याला त्या नांवानें हांक कां मारीत नाहीं? मीं त्याला खालीं बसविलें, कारण मला उत्तर ठाऊक नव्हतें. घरीं येऊन चारी शुभवर्तमानें पुढें घेतलीं. मुलाचें म्हणणें खरें होतें. लिहिणारे त्याला शिमोन, पेत्र, शिमोन पेत्र अशा सर्व नांवांनीं उल्लेखितात. पण प्रभूच्या तोंडची हांक पाहावी तर ती जवळजवळ नेहमीं शिमोन अशीच आहे. मंदिराच्या कराविषयीं विचारतांना शिमोन; गेथशेमाने बागेंत झोंपलेला सांपडल्यावर शिमोन; पुनरुत्थानानंतर तलावाच्या कांठीं तीन वेळां शिमोन. समोर उभा करून पेत्र अशी हांक मारल्याचा प्रसंग सर्व शुभवर्तमानांत मिळून एकच आहे, आणि तो कोणता हें पुढें येईलच. ज्यांच्या घरीं नवा करार आहे त्यांनीं सुटींत हें मोजून पाहावें.

फिलिप्पाच्या कैसरीयाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. हेर्मोन पर्वताच्या पायथ्याशीं हें नगर होतें. तेथें एक उंच कडा आहे, त्यांत पान नांवाच्या ग्रीक देवाची गुहा, आणि जवळच यार्देन नदीचा एक उगम. हेरोद राजानें तेथें रोमी बादशहाच्या नांवें देऊळही बांधविलें होतें. अशा ठिकाणीं प्रभूनें शिष्यांस आपण कोण असें विचारिलें, आणि शिमोनानें तो ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र, अशी साक्ष दिली. तेव्हां प्रभूनें त्याला धन्य म्हटलें, त्याच्या नांवाचा उच्चार केला, आणि या खडकावर आपण मंडळी उभारूं असें वचन दिलें. हा खडक म्हणजे शिमोन स्वतः कीं त्याची साक्ष, याविषयीं रोमन कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्यांत शतकानुशतकें वाद झाला आहे. तो शाळेच्या वार्षिकांत मिटेल असें वाटत नाहीं, आणि मलाही तो येथें उकरावयाचा नाहीं. मला आश्चर्य वाटतें तें पुढच्या कांहीं ओळींचें. प्रभु आपल्या दुःखसहनाविषयीं बोलूं लागला, शिमोनानें त्याला बाजूला घेऊन अडविलें, आणि ज्या तोंडून खडक हा किताब मिळाला त्याच तोंडून त्याला सैतान व अडखळण असे शब्द ऐकावे लागले. पायाचा दगड आणि ठेंच लागणारा दगड. वस्तु एकच, कोठें पडली आहे एवढाच भेद.

मग ती शेवटली रात्र आली. भोजनाच्या वेळीं प्रभूनें त्याला जुन्या नांवानें दोनदां हांक मारिली, सैतान तुम्हांस गव्हासारखे चाळूं पाहत आहे असा इशारा दिला, आणि त्याचा विश्वास ढळूं नये म्हणून आपण प्रार्थना केली आहे असें सांगितलें. शिमोन उत्तरला कीं तुरुंगांत जावयाला काय, मरावयालाही आपली तयारी आहे. आणि येथें, लूकाच्या शुभवर्तमानांत, ती एकच हांक येते. कोंबडा आरवण्यापूर्वीं तूं मला ओळखत नाहींस असें तीन वेळां म्हणशील, हें सांगतांना प्रभु त्याला पेत्र म्हणून संबोधितो. सन्मानाच्या वेळीं जें नांव हांकेंत आलें नाहीं तें पडण्याच्या वेळीं आलें. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर मला या एका ओळींत दिसूं लागलें, तें पूर्ण कळलें असें मात्र अजून म्हणवत नाहीं.

पुढचें सर्वांस ठाऊक आहे. बागेंत त्यानें तलवार उपसली, महायाजकाच्या दासाचा कान कापिला, आणि थोड्याच वेळानें पळाला. पण पुरता पळालाही नाहीं. दुरून मागें मागें चालत महायाजकाच्या वाड्यांत शिरला. थंडी होती. चाकरांनीं कोळशांचा विस्तव केला होता, तेथें तो शेकत उभा राहिला. दारावरल्या दासीनें त्याला ओळखलें. त्याच्या गालीली बोलीवरूनही तो ओळखूं आला. तीन वेळां विचारलें गेलें आणि तीन वेळां त्यानें हा मनुष्य आपल्याला ठाऊक नाहीं असें सांगितलें. शेवटीं तर शपथा वाहिल्या. कोंबडा आरवला. लूक म्हणतो कीं त्या वेळीं प्रभूनें वळून त्याजकडे पाहिलें. पहिल्या भेटींत असेंच पाहून नांव दिलें होतें. शिमोन बाहेर गेला आणि अतिशय रडला.

ही गोष्ट चारी शुभवर्तमानांत आहे. प्राचीन परंपरा अशी कीं मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि पेत्राच्या तोंडून ऐकलेलें त्यानें लिहून ठेविलें. तसें असल्यास आपली ही फजिती जगाला सांगणारा खुद्द पेत्रच. आपल्या प्रगतिपुस्तकावरील लाल आंकडे घरीं दाखवितांना ज्या मुलांच्या हाताला कंप सुटतो त्यांना या धैर्याची किंमत कळेल.

मार्काच्याच शुभवर्तमानांत आणखी एक बारकावा आहे. रविवारीं पहांटे स्त्रिया कबरेपाशीं गेल्या तेव्हां तेथील शुभ्र वस्त्रधारी तरुणानें त्यांना निरोप दिला तो शिष्यांना आणि पेत्राला. शिष्यांत तो आलाच होता. तरी त्याचें नांव निराळें काढून घेतलें, आणि घेतलें तें नवें नांव घेतलें. तीन वेळां नाकारूनही तें परत घेतलें गेलें नव्हतें. हा निरोप त्या स्त्रियांकडून ऐकतांना त्या मनुष्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल! यहूदानेंही दगा दिला आणि यानेंही दिला. एक अंधारांत निघून गेला, दुसरा राहिला. याचें कारण कांहीं अंशीं तरी त्या एका शब्दांत असावें असें मला वाटतें.

त्यानंतर तलावाच्या कांठीं ती सकाळ. रात्रभर जाळें टाकून हातीं कांहीं लागलें नव्हतें. कांठावर कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे, जवळ भाकर. विस्तव पाहून शिमोनाला महायाजकाचें अंगण आठवलें नसेल तर नवल. न्याहारी झाल्यावर प्रभूनें त्याला तीन वेळां एकच गोष्ट विचारिली कीं तो आपल्यावर प्रेम करितो काय, आणि तिन्ही वेळां हांक मारिली ती योहानाचा मुलगा शिमोन अशी. बापाच्या नांवासकट जुनें, मूळचें नांव. मला पूर्वीं वाटे कीं ही शिक्षा आहे, नांव काढून घेतल्याची खूण आहे. आतां तसें वाटत नाहीं. नवें नांव देणाऱ्यानें जुन्या मनुष्याला टाकून दिलें नव्हतें. ज्या कोळ्याला त्यानें पहिल्या दिवशीं पाहिलें त्याच कोळ्याच्या हातीं तो आपलीं मेंढरें देत होता.

येथें थोडें विषयांतर करितों, कारण पालकांपैकीं कोणी कोणी विचारितात कीं बाप्तिस्म्याच्या वेळीं नांव बदललेंच पाहिजे काय. पुष्कळांची समजूत अशी कीं शौल ख्रिस्ती झाला म्हणून पौल झाला. तसें शास्त्रांत नाहीं. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश पडल्यावरही बराच काळ तो शौलच आहे. कुप्र बेटांत पोहोंचल्यावर लूक सहज सांगून जातो कीं त्याचें पौल असेंही नांव होतें. पहिल्या मंडळींत अपुल्लोस होता, फीबी होती, एपफ्रदीत होता. हीं सर्व ग्रीक देवदेवतांवरून पडलेलीं नांवें, आणि तीं कोणीं बदललीं नाहींत. आपल्याकडे पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांचा बाप्तिस्मा १८४८ सालीं जौनपूर येथें झाला. त्यांनीं नेहेम्या हें नांव घेतलें, पण नीलकंठही टाकिलें नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. ते शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. या दोघांत कोणाची श्रद्धा उणी होती असें म्हणण्याची छाती कोणाला होणार नाहीं. नांव बदलावें कीं बदलूं नये हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. शास्त्रांत जेथें देव नांव देतो तेथें तो नोंदवहींतील खाडाखोड करीत नाहीं. जो मनुष्य अजून झालेला नाहीं त्याला तो आधींच हांक मारून ठेवितो. वचनाचा मुलगा अजून न झालेल्या वृद्धाला त्यानें पुष्कळांचा बाप या अर्थाचें अब्राहाम हें नांव दिलें होतें, हें विसरूं नये.

पेन्टेकॉस्टच्या दिवसापासून पेत्र निराळा दिसूं लागतो. ज्या यरुशलेमांत तो एका दासीपुढें डळमळला त्याच यरुशलेमांत हजारों लोकांपुढें उभा राहून त्यानें साक्ष दिली. थोड्या दिवसांनीं मंदिराच्या सुंदर नांवाच्या दरवाजापाशीं त्यानें एका जन्मपांगळ्या भिकाऱ्याला हातीं धरून उठविलें. दुसऱ्या दिवशीं न्यायसभेनें त्याला व योहानाला मध्यें उभें करून विचारिलें कीं हें कोणाच्या नांवानें केलें. सभेंत हन्ना व कयफा बसले होते, म्हणजे विस्तवाजवळची ती रात्र ज्यांच्या वाड्यांत गेली तेच. या वेळीं पेत्रानें ज्या नांवाला पूर्वीं नाकारिलें होतें तें नांव स्पष्ट उच्चारिलें. आणि बांधणारांनीं टाकून दिलेला जो दगड कोनशिला झाला तो येशू होय असें सांगितलें. दगड हा शब्द त्यानें स्वतःकडे घेतला नाहीं. हे दोघे अशिक्षित मनुष्य आहेत हें पाहून सभेला आश्चर्य वाटलें.

त्यानंतर यापो शहरीं तो कातडीं कमावणाऱ्या शिमोनाच्या घरीं पुष्कळ दिवस राहिला. त्या धंद्याला मेलेल्या जनावरांचा स्पर्श होतो म्हणून यहूदी लोक तो हलका मानीत. आपल्या देशांतील वाचकांस याहून अधिक सांगावयास नको. त्या घराच्या धाब्यावर दुपारीं प्रार्थना करीत असतां त्याला दर्शन झालें. सर्व प्रकारचे पशुपक्षी असलेली एक चादर आकाशांतून उतरली, आणि मारून खावयास सांगणारी एक वाणी झाली. ती वाणी त्याला पेत्र म्हणाली. आपण कधीं विटाळाचें खाल्लें नाहीं असें तो म्हणाला. तीन वेळां हें झालें. इतक्यांत कर्नेल्य नांवाच्या रोमी शताधिपतीचीं माणसें खालीं दाराशीं येऊन शिमोन म्हणजे ज्याला पेत्र म्हणतात तो येथेंच उतरला आहे काय असें विचारूं लागलीं. दुसऱ्या दिवशीं तो त्यांच्याबरोबर कैसरीयास निघाला, परजातीयाच्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकिलें, आणि देव पक्षपाती नाहीं हें आपल्याला आतां उमगलें असें तेथें कबूल केलें.

पुढें हेरोदानें त्याला बंदींत टाकिलें असतां तो रात्रीं सुटून मार्काच्या आईच्या घरीं आला, आणि दार ठोठावूं लागला. तेथेंही दाराशीं एक दासीच आली. तिचें नांव रुदा. तिनें नुसत्या आवाजावरून पेत्र म्हणून ओळखलें, आणि आनंदाच्या भरांत दार उघडावयाचेंच विसरून आंत सांगावयास धांवली. दारावरच्या दासीनें ओळखल्यावर नाहीं म्हणण्याचा प्रसंग या वेळीं आला नाहीं.

तथापि येथें पेत्राचें चरित्र संपवून त्याला खडकासारखा अचल ठरविणें सत्याला सोडून होईल. अंत्युखिया येथें तो परजातीय ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला बसत असे. यरुशलेमाहून याकोबाकडचे कांहीं लोक आले, आणि हा भिऊन पंक्तींतून उठला. त्याच्यामागें इतर यहूदी उठले, बर्णबासुद्धां ओढला गेला. पौलानें सर्वांसमक्ष त्याला दोष दिला आणि तें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत नमूद करून ठेविलें. त्या ठिकाणीं पौल त्याला केफा म्हणतो. पवित्र आत्मा मिळून, कर्नेल्याच्या घरीं जाऊन, एवढें सगळें होऊनही पंक्तीचा प्रश्न आला तेव्हां लोक काय म्हणतील या भीतीनें त्याचे पाय मागें आले. आपल्या मंडळ्यांतूनही जातीचा हा जुना वारा अधूनमधून वाहतो, आणि तो वाहूं लागला म्हणजे भले भले ताटावरून उठतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पेत्र मात्र कायमचा उठून गेला नाहीं. यरुशलेमाच्या सभेंत परजातीयांच्या बाजूनें तो बोलला, आणि त्याच्या बोलण्याचा आधार घेतांना याकोबानें त्याचा उल्लेख पुन्हां जुन्या नांवानें केला.

शेवटच्या वर्षांचा वृत्तांत प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकांत नाहीं. प्रवासांत त्याची पत्नी बरोबर असे, एवढें पौलाच्या पत्रावरून कळतें. ६४ सालीं रोम शहराला मोठी आग लागली, आणि तिचा आळ नीरो बादशहानें ख्रिस्ती लोकांवर घेतला. नीरोच्याच अमदानींत पेत्राला रोम येथें वधस्तंभावर देण्यांत आलें अशी प्राचीन मंडळीची परंपरा आहे. आपल्या प्रभूसारखें मरण्याची आपली योग्यता नाहीं म्हणून त्यानें खालीं डोकें करून खिळण्याची विनंती केली असेंही सांगतात. ज्या टेकडीवर त्याला पुरलें असें मानितात तेथें आज त्याच्या नांवाचें भव्य मंदिर उभें आहे. त्याच्याखालीं १९४० नंतरच्या दशकांत खणकाम झालें, तेव्हां प्राचीन थडग्यांची एक रांगच्या रांग उघडी झाली.

त्याच्या नांवावर असलेलें पहिलें पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांस आहे. तें प्रत्यक्ष त्याच्या शब्दांत आहे कीं त्याच्या मागून शिष्यांनीं लिहिलें याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण त्याच्या दुसऱ्या अध्यायांत जो विचार आहे तो या मनुष्याच्या आयुष्यावांचून कोणाला सुचला असता असें मला वाटत नाहीं. तेथें ख्रिस्त हा जिवंत दगड आहे. तोच कोनशिला, आणि न मानणारांना तोच ठेंच लागण्याचा खडक. कैसरीयाजवळ ऐकलेले दोन्ही शब्द येथें एकत्र आले आहेत. आणि जे ख्रिस्ताजवळ येतात ते सगळेच जिवंत दगड होत, त्यांचें मिळून एक घर बांधलें जात आहे, असें तेथें लिहिलें आहे. ज्यांस तें लिहिलें त्यांत घरकाम करणारे गुलाम होते. धन्यानें बाजारांत विकत घेतेवेळीं मनांत येईल तें नांव त्यांना ठेवावें आणि पुढच्या धन्यानें तें बदलावें, अशी त्यांची स्थिति. त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव त्या पत्रांत नाहीं. शिमोनानें आपलें नांव त्यांना वांटून दिलें.